मोठीची कात्री

नाटक कंपनीच्या कपडेपटात मोठीच्या कात्रीला कोणी हात लावत नसे. राजाचा झगा असो की भिकाऱ्याच्या चिंध्या, कापणार तीच. मग दोन वर्षांपूर्वी तिची धाकटी जाऊ त्याच खोलीत कामाला आली. हात चलाख, नजर कात्रीवर. मोठीचा जीव जळू लागला.

दुखत होता मात्र मणका. सकाळ-संध्याकाळच्या गोळीनं तो आटोक्यात असे. पण मधूनच अशी कळ उठे की डोळ्यांपुढे काजवे! त्यासाठी डॉक्टरांनी लवकर लागू पडणारी वेगळी गोळी दिली होती. मोठी ती वेळेवर घेत नसे. धाकटीनं पाहिलं तर कात्री गेलीच म्हणून समजा! कळ शिगेला पोचली की आडोशाला जाऊन गिळायची. तोवर उशीर झालेला असे.

"जाऊबाई, बसा ना जरा."

"तूच बस. नव्यांचे पाय लवकर दुखतात."

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी तिला वही दिली: कळ कधी आली, त्याआधी काय चाललं होतं, लिहा. पंधरा दिवसांनी वही वाचताना त्यांना हसू आवरेना. 'मखमल कापली. धाकटी उभी, म्हणून मीही उभी.' खाली पुन्हा, 'जाड पडदा कापला. धाकटी उभीच.'

"काकू, तुमची कळ तर वर्दी देऊन येते! जाड कापड, वाकणं आणि ही धाकटी."

"तिच्यावर आहे का गोळी?"

"कळेवर आहे." नर्सबाई वही डॉक्टरांना दाखवून आल्या. "डॉक्टर म्हणालेत, जाड कापड कापायच्या अर्धा तास आधी घ्या. अवचित आलीच, तर सुरुवातीलाच. दिवसाला किती, ते चिठ्ठीत आहे; तेवढ्यानं भागलं नाही तर आम्हाला सांगा, मनानं वाढवू नका. आणि उंच स्टूल घ्या."

दुसऱ्या दिवशी राणीचा मखमली झगा कापायचा होता. मोठीनं सगळ्यांदेखत गोळी घेतली, अर्ध्या तासानं स्टूल ओढलं आणि बसली. आता धाकटी कात्री मागणार!

धाकटीनं सुस्कारा सोडला. "बसलात एकदाच्या! तुम्ही उभ्या, म्हणून दोन वर्षं मीही उभी. पोटऱ्यांची लाकडं झाली हो माझ्या."

मोठीनं पायानं दुसरं स्टूल तिच्याकडे ढकललं.

"बस. पण कात्रीपासून हातभर लांब."