तेलाचं खाऊन तेलावर चिडणारे भाऊजी

तेलाचा पगार घेऊन तेलावरच इतका संतापणारा दुसरा माणूस कुवेतमध्ये होऊन गेला नसेल, असं मी माझ्या नवऱ्याच्या मावसभावाबद्दल छातीठोकपणे सांगते. मी त्यांना भाऊजी म्हणायची. त्यांनी लग्न केलं नव्हतं. रागवायला घरी कुणी नसल्यामुळे आठवडाभराचा साठलेला राग घेऊन ते दर शुक्रवारी फिंतासहून सालमियाला आमच्याकडे जेवायला येत, आणि जिना चढतानाच कुणावर तरी चिडलेले असत. एकदा खालच्या बकाल्यातल्या, म्हणजे किराणा दुकानातल्या, माणसाने एवढ्याशा लिंबांना दोन प्लास्टिकच्या पिशव्या दिल्या, तर यांनी पिशव्यांसकट लिंबं परत केली आणि आम्ही सगळे लिंबावाचून जेवलो. बाहेर अंगाची काहिली होत असताना ते आल्या आल्या आमचा एसी बंद करत. "खोलीत स्वेटर घालायला लागावा इतकं गार कशाला करता?" असं विचारून स्वतः घामाने निथळत दुसऱ्यांदा भात मागून घेत.

आमच्या तिथल्या मराठी मंडळातले लोक त्यांना हसत, पण त्यांचा राग उगाच नव्हता. ते ड्रिलिंग इंजिनियर होते. आखाती युद्धात पेटवलेल्या आणि नंतर विझवलेल्या तेलविहिरींभोवती तेलाची तळी साचली होती, त्यांच्या पाहणीवर त्यांनी दोन वर्षं काढली. पाणी समजून त्या तळ्यांत पक्षी उतरत. असा एक पक्षी टॉवेलात गुंडाळून ते आमच्याकडे घेऊन आले आणि माझ्या शाम्पूने त्याला तासभर धूत बसले. पक्षी वाचला नाही. भाऊजींनी बाथरूम घासून लख्ख केली आणि त्या शुक्रवारी ते न जेवताच गेले.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा त्यांच्या कंपनीने त्यांना दक्षिण अमेरिकेतल्या एका जंगलात पाठवलं. तिथे नदीकाठच्या आदिवासी वस्तीजवळ कंपनीच्या जुन्या विहिरी होत्या आणि आता आणखी नव्या खोदायच्या होत्या. जुन्या विहिरींचं घाण पाणी ज्या खड्ड्यांत सोडलं जाई, ते खड्डे ठीक आहेत, एवढं यांनी लिहून द्यायचं होतं. दीड महिन्याने ते परत आले, आणि पहिल्याच शुक्रवारी एसी चालू असताना गप्प बसून राहिले. मला धडकीच भरली. मग हळूहळू बोलले. खड्ड्यांना खाली अस्तर नव्हतं, नुसती माती. पाऊस पडला की सगळं ओढ्यात. त्याच ओढ्यावर वस्ती पाणी भरत होती, पोरांच्या अंगभर फोड होते, आणि कंपनीचा डॉक्टर त्यांना सांगत होता की तुम्ही नीट आंघोळ करत नाही.

भाऊजींनी अहवालात हे सगळं लिहिलं. साहेबांनी त्यातला ओढ्याचा परिच्छेद तेवढा गाळायला सांगितला. भाऊजींनी तो गाळला नाही. उलट अहवालाची एक प्रत वस्तीच्या वकिलाला पाठवली, आणि वस्तीला पाठिंबा देणारं एक पत्र लिहून आमच्या मराठी लोकांच्या सह्या गोळा करायला निघाले.

संक्रांतीला माझ्याकडे हळदीकुंकू होतं. बायकांना न्यायला आलेले नवरे हॉलमध्ये तिळगूळ खात बसले होते. भाऊजींनी पत्र वाचून दाखवलं. कुणी म्हणालं, इकामा, म्हणजे इथे राहायचा परवानाच, रद्द झाला तर पोरांच्या शाळेचं काय. मंडळाचे अध्यक्ष स्वतः तेलकंपनीतच मोठ्या हुद्द्यावर. ते हसून म्हणाले, "कुठल्या तरी जंगलातल्या उघड्यानागड्या लोकांसाठी आम्ही नोकऱ्या घालवायच्या का?" आणि सगळे हसले. त्या हसण्याची मला आजही चीड येते. माझ्या घरात, माझा तिळगूळ तोंडात धरून ते हसले होते.

भाऊजी ओरडले नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, आपण तेलाचंच खातो. म्हणून तर आपली सही हवी."

रत्नागिरीची एक नर्स उठली आणि तिने पहिली सही केली. तिच्यामागून आणखी सहा जणांनी. माझा नवरा पेट्रोकेमिकलमध्ये होता. मी चहा टाकायचं निमित्त करून स्वयंपाकघरात गेले आणि सगळे निघून जाईपर्यंत बाहेर आले नाही.

महिन्याभरात भाऊजींचं काँट्रॅक्ट संपवण्यात आलं. कारण कुणी दिलं नाही. ज्या साहेबांनी त्यांच्या हाताखाली काम शिकून बढती घेतली होती, ते निरोप द्यायलाही खाली आले नाहीत. दुपारच्या विमानाला आम्ही त्यांना सोडायला गेलो. नवरा ट्रॉली आणायला गेला तेव्हा मी कसंबसं म्हटलं, "भाऊजी, मी सही केली नाही. मला माफ करा."

त्यांनी खांद्यावरची बॅग खाली ठेवली. मग म्हणाले, "त्या वस्तीत एक म्हातारी होती. मी खड्डे तपासायला आलोय हे कळल्यावर तिने भोपळ्याच्या वाटीत ओढ्याचं पाणी आणून माझ्यापुढे धरलं. नुसती धरून उभी राहिली. मी म्हटलं, माझं पोट बिघडलंय. पोट चांगलं होतं, वहिनी. तुम्हा लोकांवर चिडत होतो, पण खरा राग कुणावर होता ते तुम्हाला सांगून जातो."

ट्रॉली आली, आणि तिचं चाक अडकतं म्हणून ते लगेच हमालावर चिडले.

चार-पाच वर्षांनी नाशिकहून त्यांचा फोन आला. वस्तीतल्या लोकांनी नदीच्या धक्क्यावर ठाण मांडून नवी यंत्रं उतरूच दिली नव्हती, आणि शेवटी कंपनीने नव्या विहिरींचा नाद सोडला होता. वकिलाने कोर्टात भाऊजींचा परिच्छेद वाचून दाखवला होता. जुने खड्डे मात्र होते तसेच होते, ते बुजवायला कुणी आलं नव्हतं. मी म्हटलं, मग आता त्यांच्यावर चिडा ना. ते म्हणाले, चिडतो की, रोज पत्र लिहितो, पण डॉक्टरांनी मोठ्याने बोलायला बंदी केली आहे. मग त्यांनी माझ्या पोरांची चौकशी केली, माझ्या गुडघ्यांची केली, अगदी हळू, नीट, एखाद्या सभ्य पाहुण्यासारखी. फोन ठेवला आणि मला रडू आलं. इतक्या मऊ आवाजात ते माझ्याशी कधीच बोलले नव्हते.