अप्पांना उन्हात काढायचं कसं

कोरोनाच्या दिवसांतला एक किस्सा सांगायला घ्या, मागचे चार न बोलावता येऊन बसतात. आमच्या सेलूच्या गल्लीत तर त्या उन्हाळ्यात दुसरं काही पिकतच नव्हतं. आमच्या चार घरांच्या गच्च्या एकमेकींना चिकटलेल्या, मधे नुसता गुडघाभर कठडा. खाली सगळं बंद, वर सगळं चालू. मी सांगतो त्यातलं निम्मंच खरं असतं, असं बायको म्हणते. निम्मं तरी मानते, हे काय कमी हाय?

*

डॉक्टर म्हणाले, ऊन घ्या. आता परभणी जिल्ह्यात, एप्रिल महिन्यात, ऊन घ्यावं लागतं का? ते घरात घुसून माणसाला घेतं.

शेजारचे पाठक गुरुजी सकाळी पूजेत अडकलेले, म्हणून त्यांनी भर दुपारी ऊन घ्यायचं ठरवलं. डोक्यावर ओला पंचा टाकून गच्चीवर बसले. थोड्या वेळानं पंचा उतरवला, तर तो डोक्याच्याच आकारात कडक वाळलेला. खाली ठेवला तसा उभा राहिला.

गुरुजी म्हणाले, "व्हिटॅमिन आलं असेल, पण सगळं पंच्यानंच पिलं."

*

गव्हाणे सर शाळामास्तर. फिरायची लय सवय. रस्ता बंद झाला तसे ते कठडे ओलांडत चारी गच्च्यांवरून फेऱ्या मारायला लागले. एक दिवस पोलिसांची गाडी गल्लीत आली. स्पीकरवरून आवाज आला, "ओ बनियनवाले, बाहेर काहून फिरायलात? घरात जा."

सर वरून अदबीनं म्हणाले, "साहेब, मी घरावरच हाव."

"कुणाच्या?"

सर पायाखाली बघायला लागले. उभे होते माझ्या घरावर.

*

हसण्यावारी न्यायची नव्हती अशी गोष्ट एकच, ती म्हणजे चौथ्या घरातले अप्पा. कोरोनातून बरे होऊन दवाखान्यातून आले, पण खाटेवरून उठेनात. खोलीत अंधार, खिडकी बंद. डॉक्टरांनी त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, स्पष्ट सांगितलं होतं, "औषध संपलं. आता मोकळी हवा, सकाळचं ऊन आणि रोज थोडं चालणं. असेच पडून राहिले तर पाय कायमचे जातील."

अप्पांची सगळी नोकरी जमीन मोजणीच्या खात्यात गेलेली. ते म्हणायचे, "सरकारनं जन्मभर उन्हात भाजलं. आता पेन्शन सावलीची हाय. मी न्हाई येत."

काकू कठड्याशी उभ्या राहून डोळे पुसायच्या. मग आमी तिघांनी अप्पांना मनावर घेतलं.

*

पहिली अडचण मोकळ्या हवेची. आमच्याकडं उन्हाळ्यात खिडकी ही कूलरची जागा असती, हवेची न्हाई. मी आणि गव्हाणे सरांनी तोंडाला रुमाल बांधून बाहेरून अप्पांच्या खिडकीतला कूलर उचलला. उजेड आत गेला. अप्पांनी मान वळवून आमच्याकडं बघितलं. आमी खूश, आता उठतील.

अप्पा तसेच पडून म्हणाले, "अगं, दोन चोर कूलर न्यायलेत. त्यांना म्हणावं, स्टँड पण न्या, ते बी गंजलंय."

*

मग काकूंनी स्वतःच डाव टाकला. गच्चीवर कुरडया वाळत घातल्या आणि जिन्यातून ओरडल्या, "अहो, कावळे कुरडया न्यायलेत, काठी घेऊन वर या."

खालून आवाज आला, "खाऊ दे. त्यांच्या तोंडाला चव तरी हाय."

त्या दिवशी काकूंनी कुरडया अर्ध्या ओल्याच गोळा केल्या.

*

शेवटी गव्हाणे सरांनी युक्ती काढली. सकाळी अप्पांच्या जिन्याच्या तोंडाशी आमी गुरुजी आणि सरांचं खोटं भांडण लावलं. कुणाची गच्ची कुठपर्यंत, यावरून. गुरुजींनी घरातून नऊवारी लुगडं आणलं आणि मोठ्यानं म्हणाले, "नऊ वार म्हणजे पक्कं माप. धरा ते टोक."

खालून खोकला ऐकू आला. मग, "लुगड्यानं मोजणी करायलात का?"

"हाव अप्पा," मी म्हणालो, "जरा ताणून धरलंय."

"ताणलं की हद्द सरकती, गाढवांनो."

कपाट उघडल्याचा आवाज आला. मग जिन्यावर पाऊल. एक पायरी चढायची, बसायचं, पुन्हा चढायचं. मागं काकू, हात पसरलेले पण न लावता. अप्पा वर आले, कठड्यावर टेकले, श्वास जमवला आणि खिशातून टेप काढला. लुगडं तेवढं बाजूला फेकलं. कोवळ्या उन्हात चारी गच्च्या मोजल्या, आणि निकाल दिला, "गुरुजी, तुमची पाण्याची टाकी वीतभर माझ्या हद्दीत हाय."

खोटं भांडण संपलं, खरं सुरू झालं. दुसऱ्या दिवशी टाकी हलली का बघायला अप्पा वर. तिसऱ्या दिवशी बी. रोज भांडायचे, खाली जाऊन भाकरी मागायचे. आवाज तर पार पेठेपर्यंत जायला लागला.

गुरुजी सरळ माणूस. लॉकडाऊन सैल झाल्याबरोबर त्यांनी नळवाल्याला बोलावलं. तो टाकीचा पाइप सोडवणार, एवढ्यात काकू धापा टाकत वर आल्या. जिन्याकडं एकदा वळून बघितलं, पदर सावरला आणि हळूच म्हणाल्या, "गुरुजी, हलवायचीच असली तर अजून वीतभर आमच्याकडं सरकवा."