दोन बंदरांचे म्झे

आमच्या ऑफिसात सकाळी आल्यावर सगळे आधी कॉफी घेत. म्झे आधी दोन बंदरांबाहेरची जहाजं बघत. मोंबासाच्या बाहेर किती जहाजं धक्का मिळायची वाट बघत उभी आहेत, आणि दार-ए-सलामच्या बाहेर किती. कॉम्प्युटरवर समुद्राचा नकाशा उघडायचा, चष्मा कपाळावर चढवायचा, पडद्याला नाक लावून बघायचं आणि मागच्या पांढऱ्या फळ्यावर दोन आकडे लिहायचे. मोंबासाचा आकडा लहान असला, तर म्झे त्या दिवशी सगळ्यांची कॉफी स्वतः आणत. मोठा असला, तर खुर्चीत बसताना एवढंच म्हणत, "आज वारा बरोबर नाही."

त्यांचं खरं नाव वसंतराव. 'म्झे' म्हणजे स्वाहिलीत वडीलधारा माणूस. आफ्रिकेतले ट्रक ड्रायव्हर फोनवर त्यांना तसं म्हणत, ते ऐकून ऐकून ऑफिसानेही तेच नाव उचललं. आमच्या विभागप्रमुख मिसेस लिमसुद्धा त्यांना म्झेच म्हणायच्या. वडील कोकणातून बोटीने मोंबासाला गेले, बंदरात कारकून झाले; वसंतरावांचा जन्म तिथला. तिशीत नोकरीसाठी सिंगापूरला आले आणि इथलेच झाले. आमची कंपनी इकडून तांदूळ आणि खाद्यतेल पूर्व आफ्रिकेत पाठवते. चांगी बिझनेस पार्कमध्ये तिसऱ्या मजल्यावर त्या कामाला आम्ही सहा जण होतो. मी पुण्याहून आले तेव्हा मला एक्सेल उत्तम येत होतं आणि आफ्रिका अजिबात येत नव्हती.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला समोर बसवून सगळं समजावलं. मोंबासा केनियाचं बंदर, दार टांझानियाचं. किनारा एकच, मध्ये बसने एका दिवसाची वाट. आत युगांडा, रवांडा, बुरुंडी. त्यांचा माल या नाही तर त्या बंदरातूनच जाणार. "या देशांना समुद्र नाही, मेधा. त्यांचा समुद्र कोण होणार, एवढंच या दोन गावांचं भांडण. मी जन्मल्यापासून चाललंय." मी म्हटलं, "मग ज्याचं भाडं कमी, तिकडून पाठवायचं." ते हसले. "तू अजून बंदराच्या गावात राहिली नाहीस. बंदर खोकलं की गावाला ताप येतो. हमाल, ट्रकवाले, भजीवाली, शाळेची फी, सगळं तिथूनच येतं."

त्यांच्या फोनचा मला सुरुवातीला फार वैताग यायचा. ट्रक कुठे पोचला, एवढंच विचारायचं असे. पण म्झे पाच मिनिटं नुसती विचारपूस करत. घरचे कसे आहेत, आई कशी आहे, पाऊस झाला का, मुलीचं लग्न ठरलं का. मी घड्याळाकडे बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं. फोन ठेवल्यावर म्हणाले, "स्क्रीनवरचा ठिपका सांगतो ट्रक कुठे आहे. तो तिथे का थांबलाय, हे माणूस सांगतो. आणि माणूस काही ठिपका नाही, की दाबला की बोलला." पुढे एकदा आमचा एक ट्रक दोन दिवस एकाच जागी दिसत होता. सगळ्यांनी चोरीची शंका घेतली. म्झेंनी फोन केला. ड्रायव्हर तापाने फणफणला होता आणि ट्रकखाली चटईवर पडून होता. म्झेंनी दुसऱ्या ट्रकवाल्याकडून त्याला दवाखान्यात पोचवलं. माल चार दिवस उशिरा गेला. मिसेस लिमना त्यांनी कारण एका ओळीत कळवलं आणि विषय संपवला.

घर तोआ पायोहला होतं, जुन्या सरकारी एचडीबी इमारतीत, नवव्या मजल्यावर. रविवारी मला जेवायला बोलावत. तिथे दोन बंदरांचं भांडण जेवणाच्या टेबलावर चाले, कारण त्यांच्या पत्नी सुलभाकाकू दारच्या. नारळाच्या दुधातला भात, मोगो नावाचा भाजलेला कंद, वेलदोडा घातलेले गोडसर वडे. म्झे त्या वड्यांना 'महामरी' म्हणत, काकू 'मंदाझी'.

"आमच्या मोंबासाचे वडे असे चिवट नसतात," म्झे म्हणत.

"नसतील. तुमच्याकडे वडा खायलाही जहाजासारखं रांगेत उभं राहावं लागतं म्हणे," काकू म्हणत.

"दारला रांगच लागत नव्हती. यायचं कोण तिथे?"

त्यांची मुलगी इथेच वाढलेली. ती फोनमधून डोकं वर न काढता सिंगापुरी इंग्रजीत म्हणे, "पपा, बोथ आल्सो सेम, लाह." त्यावर मात्र नवराबायको एका सुरात ओरडत, "सेम नाही!"

मोंबासाला त्यांचे मोठे भाऊ होते, माधवराव. म्झे त्यांना दादा म्हणत. बंदरात उतरलेला माल कस्टम्समधून सोडवायचा आणि ट्रकवर चढवून आतल्या देशांत पाठवायचा, हा दादांचा धंदा. पदरी अकरा माणसं. आमच्या कंपनीचा रवांडाचा माल कित्येक वर्षं त्यांच्याच हातून जात होता. म्झे या कामावर यायच्या आधीपासून जात होता, हे ते आवर्जून सांगत.

मग रवांडाच्या राजधानीतल्या, किगालीच्या गिऱ्हाईकाने तक्रार केली, माल उशिरा येतो. मिसेस लिमनी ठरवलं की पुढच्या तीन वर्षांसाठी किगालीचं बंदर एकच ठरवायचं, मोंबासा किंवा दार. आणि कुठलं, याचा अहवाल म्झेंनी लिहायचा. म्झे त्यांच्या केबिनमध्ये गेले, मलाही सोबत घेतलं. उभ्याउभ्याच म्हणाले, "माझा भाऊ मोंबासाला हेच काम करतो. बायको दारची आहे. हे दुसऱ्या कुणाला द्या." मिसेस लिम इंग्रजीत म्हणाल्या, "दोन्ही गावं तुझ्याइतकी कोण ओळखतो? तूच लिही, लाह. मेधा तपासेल." अशी मी त्यात आले.

तीन महिने आम्ही अर्धा माल एकीकडून आणि अर्धा दुसरीकडून पाठवला. म्झेंनी प्रत्येक ट्रकचा प्रवास लिहून ठेवला. खरं म्हणजे उत्तर नकाशावरच होतं. किगालीला जाताना दारहून एक सरहद लागते, मोंबासाहून दोन. तीन महिन्यांनंतर कागदावरही तेच आलं. दारचा माल लवकर पोचत होता आणि वेळा फारशा चुकत नव्हत्या.

मला दादांचं माहीत होतं. मी त्यांना म्हटलं, "म्झे, मधला महिना मोंबासाचा चांगला गेलाय. त्यावर जोर दिला तर दोन्ही बंदरं जवळजवळ बरोबरीची दिसतील. खोटं काहीच लिहायचं नाही." त्यांनी कागद खाली ठेवला. रागावले नाहीत. म्हणाले, "मी मोंबासाचा आहे म्हणून मोंबासाला चांगलं म्हटलं, तर उद्या मोंबासा खरोखर चांगली असेल तेव्हा माझं कोण ऐकेल?" थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "आणि तुझी सही आहे त्याच्यावर. ती माझ्या भावासाठी खर्च करू नकोस."

अहवाल दारच्या बाजूने गेला. शेवटी त्यांनी एक पान स्वतःहून जोडलं होतं: युगांडाच्या मालासाठी मोंबासाच सोयीची आहे, तो तिकडून पाठवावा. मिसेस लिमनी ते पान वाचलं आणि 'पुढे बघू' म्हणाल्या.

कंपनीचं पत्र जायच्या आधी म्झेंनी दादांना फोन केला. मीटिंग रूममध्ये बसून केला, मला म्हणाले, "तू बस. एकट्याने मला जमणार नाही." स्पीकरवर दादांचा आवाज म्झेंसारखाच होता, फक्त जाड. म्झेंनी दोन वाक्यांत सांगितलं.

"कोणी लिहिलं?" दादांनी विचारलं.

"मी."

"वा, वसंता. सासुरवाडीला बंदर आंदण दिलंस."

"दादा, तसं नाही. एक सरहद कमी आहे. तूही पाहिलं असतंस तर..."

"माझ्याकडे अकरा माणसं आहेत. त्यांना काय सांगू? एक सरहद कमी आहे?"

आणि फोन बंद झाला. म्झेंनी वही काढून अकरा नावं लिहिली. त्यांना सगळी पाठ होती. पुढच्या दोन दिवसांत त्यांनी त्या अकरा जणांना एकेक करून फोन केले आणि हे मी लिहिलंय, असं स्वतः सांगितलं. काहींनी शिव्या घातल्या. जुमा नावाचा म्हातारा मुकादम होता, त्याने म्झेंना लहानपणी खांद्यावर बसवून जहाजं दाखवली होती. तो फक्त "बरं" म्हणाला आणि म्झेंच्या मुलीची विचारपूस केली. त्या फोननंतर म्झे अर्धा दिवस सुट्टी घेऊन घरी गेले. त्यांनी घेतलेली अशी सुट्टी मी तेवढी एकच पाहिली.

दर रविवारी ते दादांना फोन लावत राहिले. दादा उचलत नसत. काकूंनी वड्यांवरून चिडवणं सोडून दिलं. टेबलावर भात तोच असे, पण दोन्ही गावांचं नाव कुणी काढत नसे. मुलीलाही ते खटकलं असावं. एकदा तिने मला बाजूला घेऊन विचारलं, "आन्टी, दे फाइट ऑर व्हॉट?" मी म्हटलं, भांडत नाहीत, हीच पंचाईत आहे.

त्या वर्षी ऑफिसची सहल पुलाउ उबीन बेटावर गेली. चांगीच्या धक्क्यावरून होडी बारा माणसं भरल्याशिवाय सुटत नाही. आमची तरुण मंडळी कंटाळली, म्झे मात्र कठड्यावर आरामात बसले. म्हणाले, "आमच्या मोंबासालाही गावात जायला फेरीबोट आहे. मी सात वर्षांचा असताना उतरताना गर्दीत दादाचा हात सुटला. लोक मला ढकलत पाण्याच्या कडेला नेत होते. दादा धक्क्यावर पोचला होता, तो उलटा गर्दीत घुसला. मला शर्टाच्या कॉलरला धरून ओढलं. शर्ट फाटला. घरी शर्टासाठी मार त्याने खाल्ला, कारण काय झालं ते आईला सांगायचं नाही, असं आमचं ठरलं होतं." होडी भरली. उबीनला त्यांनी सायकल भाड्याने घेतली, पण तिच्यावर बसले नाहीत, दिवसभर हातात धरून ढकलत नेली.

दीड वर्षाने एका रविवारी दादांनी फोन उचलला. ते कसं घडलं, हे मला काकूंनी नंतर सांगितलं. काकूंनी नवऱ्याला न विचारता दादांना पत्र लिहिलं होतं, कागदावर, टपालाने. दारच्या बंदराजवळ काकूंच्या भावाची कचेरी होती. पत्रात होतं, तिथे एक टेबल मोकळं आहे, तुमची दोन माणसं तिथे बसवा, किगालीचा माल दारहून तुम्हीच सोडवा. "मी लिहिलं, की तुमच्या भावाने सासुरवाडीला काही दिलं नाही. आता सासुरवाडीला तरी काही देऊ द्या." दादांनी पत्राला उत्तर दिलं नाही. पण तीन महिन्यांनी दारच्या त्या टेबलावर त्यांची दोन माणसं येऊन बसली, आणि मग त्यांनी म्झेंचा फोन उचलला. अकरांपैकी सात टिकली. चार गेली, त्यात जुमा होता. तो गावाकडे मुलीजवळ राहायला गेला.

म्झे निवृत्त झाले त्या महिन्यातच त्यांनी मोंबासाला परत जायचं ठरवलं. दादांचे गुडघे गेले होते, धंदा बघायला कुणी नव्हतं. मुलीला इथे नोकरी लागली होती. काकू कुरकुरल्या, "निदान दारला तरी," आणि तयारीला लागल्या. निघायच्या दिवशी मी विमानतळावर गेले. म्झेंनी मला काही उपदेश केला नाही. बॅगांचं वजन जास्त भरत होतं म्हणून आम्ही तिघं जमिनीवर बसून मसाल्याचे डबे इकडचे तिकडे करत होतो. शेवटी दोन डबे माझ्या हातात देऊन ते म्हणाले, "जातो." मी वाकून नमस्कार केला, तर म्हणाले, "अगं, लोक बघतायत," आणि स्वतःच डोळे पुसले.

मोंबासाला पोचल्यावर ते आधी जुमाला भेटायला गेले, बसने, दिवसभराचा प्रवास करून. फोनवर मला सांगत होते, "मी माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाला, आधी जेव. जेवलो. मग म्हणाला, माझं काम गेलं ते गेलं. पण इतक्या वर्षांत काम जाण्याआधी सांगायला फोन करणारा तू एकटाच."

आता त्यांच्या खुर्चीत मी बसते. गेल्या महिन्यात युगांडाच्या मालाचा प्रश्न आला. तोही दारहूनच न्यावा, असं काहींचं म्हणणं होतं. मिसेस लिमनी अहवाल माझ्याकडे दिला. जुन्या कागदांत म्झेंनी जोडलेलं ते पान होतं, पण मधल्या काळात बरंच बदललं होतं. मी सवयीने मोंबासाला फोन लावला.

"म्झे, कंपालाच्या रस्त्याबद्दल विचारायचंय."

"मला नको विचारूस, मेधा."

"फक्त रस्ता सांगा. बाकी मी बघते."

"नको. मी आता दादाच्या कचेरीत बसतो. माझं पोट त्या मालावर आहे. मी खरं सांगितलं तरी तू ते खरं धरायचं नाहीस." मग आवाज बदलून म्हणाले, "बाकी काहीही विचार. काकू शेजारीच आहे, तिला देऊ?"

काकूंशी मी अर्धा तास बोलले. मोंबासाचं पाणी खारं आहे, दादा पथ्य पाळत नाहीत, वडे बरे असतात पण दारसारखे नाहीत.

अहवाल मी एकटीने लिहिला. ड्रायव्हरांना फोन केले, दोन्हीकडचे प्रवास लिहून काढले, कुणाला तपासायला द्यावा हे कळेना म्हणून स्वतःच तीनदा तपासला. युगांडाचा माल मोंबासाहून जाणार असं ठरलं. बंदरात तो कोण सोडवणार, हे दुसरा विभाग ठरवतो. ते काम दादांना मिळालं का, हे मी अजून म्झेंना विचारलेलं नाही. दर पंधरा दिवसांनी आम्ही बोलतो. त्यांनीही सांगितलेलं नाही.