रातांब्यांच्या हंगामातल्या गोळ्या

आईचं पोट दुखायचं, त्याला आमच्याकडे पित्त म्हणत. पावस गावाच्या अलीकडच्या आमच्या वाडीत बहुतेक बायकांना ते असायचंच, आणि थंड दूध नाहीतर खायचा सोडा हे औषध ठरलेलं. दोन हजार सालाच्या सुमारास मी रत्नागिरीच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकत होते. एकदा सरांनी जठरातल्या जंतूबद्दल शिकवलं. एवढ्या आम्लात तो जगतो कसा, तर एका प्रथिनाच्या जोरावर स्वतःभोवतीचं आम्ल मारतो. दुसरं प्रथिन सोडतो, ते पोटाच्या अस्तरातल्या पेशींना भोकं पाडतं. तिसरं तर सुईने टोचावं तसं थेट पेशीच्या आत घालतो. मी लिहून घेत होते आणि डोळ्यांपुढे आई होती, पोटाशी उशी धरून बसलेली.

सरांनीच आईला ओळखीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. दुर्बिणीतून पोटात जखम दिसली, जंतूही सापडला. दोन आठवड्यांच्या गोळ्या मिळाल्या. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. आपल्या शिक्षणाचा घराला उपयोग झाला, या आनंदात मी परीक्षेसाठी रत्नागिरीला मैत्रिणीकडे राहायला गेले.

पण तो मे महिना होता. आई रातांब्यांचं आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, आणि आमसुलं करून विकायची. आगळात मीठ कमी पडलं तर ते फेसाळतं, जास्त झालं तर गिऱ्हाईक परत येत नाही. म्हणून ती बोट बुडवून चाखायची, आणि शेजारच्या बायकाही आपली बरणी तिच्यापुढे आणून धरायच्या. गोळ्यांनी तिचं तोंड कडू झालं. काहीही खाल्लं तरी पत्रा चाटल्यासारखं लागे. त्यातच दुखणं थांबलं. बरं वाटतंय तर जीभ कशाला घालवा, म्हणून तिने गोळ्या बंद केल्या.

मी परत आले त्याच आठवड्यात ती विहिरीवर चक्कर येऊन पडली. जखमेतून रक्त सुटून शौचाला डांबरासारखं काळं होत होतं, ते तिने कुणाला सांगितलंच नव्हतं. रिक्षात तिचे हात बर्फासारखे लागत होते. बाबा मुंबईला कामावर. मी दवाखान्यातून सरांना फोन केला. ते आले, स्वतःचं रक्त देऊन गेले. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत.

घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. औषध अर्धवट टाकल्याने जंतू त्याला सरावला असणार, आता याहून कडक गोळ्या. पुन्हा रक्त सुटलं तर ऑपरेशन, आणि ते तिला सोसेल असं त्यांना वाटत नव्हतं.

घरी अंगणात रातांब्यांचे ढीग पडलेले, वर आभाळ भरून आलेलं. आई म्हणाली, हंगाम सरू दे, मग घेते. मी हरप्रकारे विनवलं. कोळशाने जमिनीवर पेशी काढली, तिच्यात टोचलेली सुई काढली, कुठलं प्रथिन काय करतं ते सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं.

"एवढासा जीव आणि एवढी कारस्थानं? मेला आपल्या भावकीतलाच दिसतो."

मला हसू आलं नाही. परीक्षेत भराभर लिहिलेलं ते सगळं तिच्यापुढे पोकळ वाटत होतं. गोळ्यांचं पाकीट हातात धरून मी तिथेच खाली बसले.

"आई, तू मरशील."

तिने ढिगातला एक रातांबा उचलून परत ठेवला. मग अंगणाच्या दगडी गडग्यापाशी जाऊन शेजारच्या काकूंना हाक मारली. "वैनी, हे रातांबे घेऊन जा. यंदा माझ्याच्यान व्हायचं नाही."

"आणि मीठ कोण बघणार? तू येशील ना चाखायला?"

"यंदा माझ्या जिभेवर जाऊ नको."

काकू टोपल्या भरून नेत होत्या तोवर आई पाठ करून उभी होती. शेवटची टोपली गेल्यावर तिने हात पुढे केला.

"दे गो."

गोळी गिळताच तिला उमळून आलं. मी तिची पाठ चोळत होते, उलटी करू नको, उलटी करू नको, एवढंच पुटपुटत होते. तोंडावर पदर दाबून, डोळे मिटून ती नाकाने श्वास घेत राहिली. घशाशी आलेलं तिने परत गिळलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मग पदर बाजूला करून तिने विचारलं, "पुढची कधी घ्यायची?"