गुडघ्याचा सौदा

ज्वारीच्या लिलावात व्यापाऱ्याला बसून चालत नाही. बोली पुकारणारा एका ढिगावरून पुढच्या ढिगाकडे निघाला की त्याच्याबरोबर निघावं लागतं, वाकून मूठ भरावी लागते, दाणा दाताखाली फोडून बघावा लागतो. माझा उजवा गुडघा गेला आणि मी मागं पडू लागलो. मी पोचेपर्यंत चांगल्या ढिगाचा सौदा होऊन गेलेला असायचा. समोरच्या गाळ्याचा व्यापारी माझ्याच हाताखाली बाजार शिकलेला. तो एकदा सगळ्यांदेखत म्हणाला, "शेठ, खुर्ची टाका की. आमी भाव सांगतो, तुमी नुसती मान हलवा." हमालसुद्धा हसले. मी चार शिव्या हासडल्या, पण पाय काही उचलेना. ते हसणं मी आजही माफ केलेलं नाही.

माझ्या मुलीनं मला पुण्याला एका मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथं डॉक्टर दिसलेच नाहीत. हातात टॅब घेतलेल्या तिथल्या एका पोरीनं गुडघा बदलणाऱ्या रोबोटचा व्हिडिओ दाखवला, खोल्यांचे प्रकार सांगितले, हप्त्याचीही सोय आहे म्हणाली.

"कापणार कोण?" मी विचारलं.

"सर, रोबोटिक आहे."

"अगं बाई, रोबोटच्या मागं कोण?"

तिनं पुन्हा तोच व्हिडिओ लावला. माझा आवाज चढला तसं बायकोनं दंडाला धरून मला बाहेर काढलं.

उभ्या हयातीत मी पोत्याचं तोंड बघून माल घेतलेला नाही. तोंडाशी सगळेच टपोरा दाणा ठेवतात. लोखंडी नळी तळापर्यंत खुपसून नमुना काढायचा, मग भाव बोलायचा. ऑपरेशनचा आता बाजार झाला, चौकाचौकात त्याचे फलक लागले, म्हणून लोक हळहळतात. मी हळहळत नाही. बाजार असेल तर मला त्यात वागता येतं.

आमच्या सोलापुरातच एका डॉक्टरांनी हे यंत्र नवीन आणलं होतं. त्यांच्या भिंतीवर हसऱ्या पेशंटांचे फोटो. मी म्हणालो, "हे राहू द्या. तुमच्यावर नाराज असलेला पेशंट दाखवा."

"अहो!" बायको दबक्या आवाजात म्हणाली. डॉक्टरांचे कान लाल झाले. वाटलं, हाकलतात आता. पण त्यांनी फोन उचलला, मैंदर्गीच्या एका बाईंना विचारून घेतलं आणि स्पीकर लावला.

"गुडगा पुरता वाकत न्हाय बगा," बाई म्हणाल्या. "लई भांडले मी त्यांच्यासंगं. पर खरं सांगू का? व्यायाम केला न्हाय मी. दुखायचं. डॉक्टर सोता फोन करून वरडायचे, तरी बी केला न्हाय."

तळाचा माल हाती आला. कीड नव्हती.

मग डॉक्टरांनी स्कॅनमधून तयार झालेलं माझं हाड पडद्यावर फिरवून दाखवलं. "करवत माझ्याच हातात असते. ठरवलेल्या हद्दीबाहेर गेली की यंत्र तिला अडवतं. पाय सरळ असेल तर मी यंत्राशिवायही करतो. तुमचं हाड जुन्या फ्रॅक्चरनंतर वाकडं जुळलंय. तुम्हाला त्याचा उपयोग आहे."

मला हा माणूस आवडला. मी अट घातली, पहिल्या कापापासून शेवटच्या टाक्यापर्यंत हात तुमचाच. त्यांनी उलट दोन घातल्या, व्यायाम रोज, आणि व्यायाम घेणाऱ्या पोरीवर ओरडायचं नाही. दुसऱ्या अटीवर मी बरीच घासाघीस केली. ते जराही हलले नाहीत.

ऑपरेशन झालं त्याच संध्याकाळी मला वॉकर धरून उभं केलं. पाय माझाच, पण सरळ! पुढं व्यायामाला डोळ्यांत पाणी यायचं. ओरडायची बंदी, म्हणून उशी चावायचो.

हंगामात मंगळवेढ्याची ज्वारी आली तेव्हा मी लिलावाला गेलो, काठीशिवाय. बोली पुकारणारा निघाला, मीही निघालो. पहिल्या ढिगाशी समोरच्या गाळेवाल्याच्या आधी मी पोचलो, वाकलो, मूठ भरली, दाणा फोडला आणि भाव चढवला. तो माझ्या पायाकडं बघत राहिला आणि ढीग माझ्या नावावर गेला. दुसराही गेला.

"दमानं, शेठ," तो म्हणाला.

"तू ये की लवकर," मी म्हणालो आणि पुढच्या ढिगाकडं वळलो.

संध्याकाळी गुडघा सुजला. बायको बर्फ लावत होती आणि बोलत होती. मी गाळ्यावर फोन लावून हमालांना पोत्यांची थप्पी नीट रचायला सांगत होतो. त्या दिवशीची सगळी चांगली ज्वारी माझ्याकडं होती, आणि आत जागा पुरत नव्हती.