गिरणीत न नेलेली हळद

ज्या माणसानं भर पावसात विहिरीत उतरून मोटार वर काढली, तो माझा नवरा आमच्याच न्हाणीत साबणाच्या वडीवरून घसरून गेला. भेटायला येणारे म्हणायचे, "देवाच्या मनात आसंल." मला असा राग यायचा! देवाला दुसरं काही सुचलं नाही? तेराव्याचे दिवस झाल्यावर मी तीच वडी हातात घेतली आणि रोज घासून घासून संपवली. हा माझा पहिला सूड.

दुसरा शेतात. या जगण्याला काही अर्थ नाही, हे तर कळून चुकलंच होतं. पण म्हणून जमिनीतली हळद थोडीच थांबते? ती काढावी लागते, शिजवावी लागते, उन्हात पसरून लेकरासारखी राखावी लागते. मी ते सगळं दातओठ खाऊन केलं. कुरुंद्याच्या शिवारात माझ्यासारखा रंग कुणाच्याच हळदीला येईना, तेव्हा कुठं मला पोटभर जेवण जाऊ लागलं.

यंदा धाकट्या जावेच्या पोरीचं लग्न निघालं. त्या पोरीला लहानपणी न्हाऊमाखू मीच घातलेलं. तिच्या गालाला हळद लावायची, एवढीच माझी हौस. जाऊ आली ती रिकामी पिशवी घेऊनच.

"बाई, लगनाला हळद तुमचीच पाह्यजे. गिरणीतून दळून ठेवा." मग हळूच म्हणाली, "पण लावताना तुमी तेवढं मागं बसा. सवाष्णीचं काम हाय. राग नका मानू."

राग नका मानू! मी हो म्हटलं. ती गेल्यावर दार लावलं, हळकुंडं कांडली आणि जात्यावर बसले. ओव्या नाही म्हटल्या. जावेचा उद्धार केला.

हळदीच्या दिवशी सांगितल्याप्रमाणे मागं बसले. पोरगी पिवळीधमक झाली. मग सवाष्णींनी एकमेकींची तोंडं माखली. जाऊ तर कानापर्यंत. तिचं पुरतं माखून होईपर्यंत मी वाट पाहिली.

"रंग चांगला आला की," मी मोठ्यानं म्हणाले. "गिरणीत न्हाई नेली. मीच दळली, या हातानं."

जाऊ गालाला हात लावून माझ्याकडं बघत राहिली.

"चालत नसंल तर धुऊन टाका," म्हटलं. "न्हाणीत साबण हाय. पाय तेवढा जपून ठेवा."

कुणीच उठलं नाही. मग मी उठले आणि पोरीच्या दोन्ही गालांना हळद लावली.