जून महिन्याचं पान

व्हर्ना टोलेफसनने नवऱ्याला घराबाहेर काढलं, अशी आवई एका फेब्रुवारीत आमच्या गल्लीत उठली. उठवली अर्थातच चेलोने. चेलो माझ्या शेजारची. रोज सकाळी प्रार्थनेला चर्चमध्ये जाते, ती देवासाठी थोडी आणि वाटेतल्या अंगणांसाठी जास्त. त्या दिवशी तिला टोलेफसनांच्या अंगणात नवऱ्याचे, म्हणजे ऑर्विलचे, सदरे, विजारी, पायमोजे सगळीकडे पडलेले दिसले, आणि कडेला आ वासलेली प्रवासाची बॅग. प्रार्थना आटोपेपर्यंत बातमी अर्ध्या टूसॉन शहरभर झाली. दुपारी ऑर्विल त्याच अंगणात ओणवा झालेला दिसला, तर चेलो म्हणते, "बघा, बायकोचे पाय धरतोय!"

ही दोघं पार उत्तरेकडच्या विस्कॉन्सिनची. तिकडे त्यांच्या गाई होत्या, गोठा होता आणि सहा महिने बर्फ. त्या थंडीने ऑर्विलची छाती पार कामातून गेली. डॉक्टरांनी कोरड्या हवेत जायला सांगितलं. आमच्या वाळवंटात दुसरं आहे काय? ऑर्विलचं शरीर आलं, छातीही सुधारली, पण मन काही आलं नाही. सकाळ-संध्याकाळ एकच तक्रार. इथल्या दुकानातला टोमॅटो म्हणजे रंग दिलेला पुठ्ठा.

व्हर्नाला वाटलं, त्यात काय, मी पिकवते. हात मुरलेला होता तिचा. निघताना तिकडच्या मैत्रिणींनी तिला बागकामाचा एक जाडजूड ग्रंथ भेट दिला होता. एका पुस्तकात अख्खा देश बसवलेला, आणि चित्रं अशी की पान चाटावं. विस्कॉन्सिनमध्ये टोमॅटो लावायचा एक ठरलेला दिवस असतो. मे महिन्याचा शेवटचा सोमवार, लढाईत पडलेल्यांच्या थडग्यांवर फुलं वाहायचा. सकाळी फुलं, दुपारी रोपं. त्याआधी लावेल त्याला गाव हसतं. व्हर्नाने इथेही तेच केलं. मेच्या शेवटी, आमच्याकडे कुत्रीसुद्धा सावली सोडत नाहीत तेव्हा, ही बाई टोपी घालून रोपं लावत होती!

"पोरी, भाजी करायची असेल तर चुलीवर कर. जमिनीवर का शिजवतेस?" चेलोने कुंपणावरून विचारलं.

जूनच्या मध्याला सगळं वाळून कोळ झालं. ऑर्विल ती काटकुळी रोपं बघून म्हणाला, "व्हर्ना, ही जमीन आपली नाही. एक उन्हाळा अजून बघतो. घरचा टोमॅटो ताटात पडला तर ठीक, नाहीतर मी भावाकडे परत जातो."

"आणि छाती?"

"तिलाही घेऊन जातो."

म्हणजे बाईच्या टोमॅटोवर नवऱ्याचा श्वास टांगलेला. हे तिने रडत कुणाला सांगितलं नाही. मला कळलं ते चेलोकडून, आणि चेलोला ते कसं कळलं हे विचारायची आमच्यात पद्धत नाही.

शरद ऋतूत चर्चच्या आवारात जुन्या सामानाची विक्री असते. पुस्तकांच्या टेबलावर मी बसतो, कारण तिथे सावली असते आणि बायका थांबून बोलतात. व्हर्ना आली. बागकामाची पुस्तकं मागितली. मी आपला सर्वांत गुळगुळीत, गुलाबाच्या मुखपृष्ठाचा ठोकळा पुढे केला.

"हे घ्या बाई, दिवाणखान्यात शोभेल."

"मला शोभेचं नकोय," ती म्हणाली. तिने खुर्ची ओढली आणि एकेका पुस्तकाची मुलाखत घ्यायला लागली. प्रश्न सगळ्यांना एकच. जूनमध्ये काय करायचं?

गुलाबवालं म्हणालं, जूनमध्ये हिरवळ कापा आणि रोपं बाहेर काढा. ते तिने पालथं ठेवलं. दुसरं समुद्रकाठचं निघालं, जूनच्या धुक्यापासून जपा म्हणत होतं. धुकं! ती आणि मी एकदमच हसलो. तिसरं वाळवंटाबद्दल होतं खरं, पण त्याची पानं इतकी स्वच्छ होती की तिने वास घेऊन परत ठेवलं.

"हे कुणी बागेत नेलंच नाहीये."

शेवटी पेटीच्या तळातून एक चोपडं निघालं. दोन पिना मारलेलं, चित्र एक नाही. इथल्याच बायकांनी कधीतरी छापलेलं. पानापानावर मातीची बोटं. जूनचं पान तिने मोठ्याने वाचलं, "नवीन काही लावू नका. पहाटे पाणी घाला. दुपारी घरात बसा. झाड मेलं तर स्वतःला बोल लावू नका."

बाईने पानावरच्या मातीच्या बोटांवरून आपलं बोट फिरवलं. मग म्हणाली, "लिहिणारीने जून पाहिलाय." आणि चोपडं छातीशी धरून गेली. इतकी वर्षं मी त्या टेबलावर बसतोय, पुस्तक असं निवडताना दुसऱ्या कुणाला पाहिलं नाही.

पण निवडणं सोपं, ऐकणं अवघड. चोपडं सांगत होतं, टोमॅटो फेब्रुवारीतच लावा, म्हणजे उन्हाच्या आधी फळ धरतं. गारठा आला तर पांघरूण घाला. फेब्रुवारी! विस्कॉन्सिनच्या बाईला फेब्रुवारीत रोप लावायला सांगणं म्हणजे नेसत्या वस्त्रांनिशी विहिरीत उडी मारायला सांगणं. रोप हातात घेऊन ती बराच वेळ अंगणात नुसती उभी होती, मी पाहिलंय. हात खाली जाईना.

"तिकडे कुणाला सांगू नकोस हो," ऑर्विल ओसरीवरून म्हणाला, "वेड्यांच्या इस्पितळातून गाडी पाठवतील."

"पाठवू दे. इथला पत्ता त्यांना सापडायचा नाही," ती म्हणाली, आणि खाली बसली. जन्मभर पाळलेला एक नियम त्या बाईने त्या दुपारी मातीत पुरला. एक नाही, अंगणभर रोपं लावली.

ऑर्विलने मात्र, फेब्रुवारीतली रोपं जगायची नाहीतच असं धरून, उन्हाळ्याची वाट बघितलीच नाही. आठवड्याभरात त्याने तिकीट काढलं, बॅग भरून दाराशी ठेवली. दुसऱ्या दिवशी निघणार होता.

त्याच संध्याकाळी वारा पडला, आकाश लख्ख झालं. अशा वेळी आमची गल्ली बघावी. दव गोठणार म्हटलं की घराघरातून चादरी निघतात, झुडपं भुतांसारखी उभी राहतात, आणि उंच निवडुंगांच्या शेंड्यांवर लोक थर्माकोलचे पेले टोप्यांसारखे घालतात. व्हर्नाने पलंगावरच्या चादरी ओढल्या, पडदे काढले, टेबलावरचं कापड घेतलं. तरी निम्मी रोपं उघडीच.

त्या संध्याकाळचं पुढचं मी माझ्या कुंपणाशी उभा राहून पाहिलं. व्हर्नाने नवऱ्याला काढलं नव्हतं. ऑर्विलनेच दाराशी भरून ठेवलेली बॅग अंगणात आणली आणि आपले सगळे कपडे उरलेल्या रोपांवर पांघरले. दुसऱ्या दिवशी दुपारी चेलोला तो ओणवा दिसला तेव्हा तेच कपडे उचलत होता, आणि निघायची वेळ कधीच टळून गेली होती.